सकाळचं ऊन, आपली सावली आणि रात्रीची पाणीपाळी



या पानावर आम्ही एरवी बेणे, बेसल डोस, हुमणी, खोडव्यातले पाचट असे विषय घेतो. या वेळचा विषय सकाळच्या उन्हाचा आहे, आणि तोही माणसाच्या तब्येतीच्या अंगाने. ऊस विकास अधिकाऱ्याने डॉक्टरांच्या रानात पाय का घालावा, असे कोणी म्हणेल. पण दोन्ही रानांचा बांध एकच आहे. उजेडाचा हिशेब पिकाला कसा कळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो माणसाच्या बाबतीत समजून घ्यायला जड जात नाही. शिवाय गट मेळाव्यांतून दोन प्रश्न आमच्याकडे सारखे येतात. एक, "कोवळ्या उन्हात बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं, हाडं बळकट होतात, खरं ना साहेब?" आणि दुसरा, "रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात दिवसा झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, घरात नुसती चिडचिड. याला काय करावं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. दुसऱ्याचे उत्तर त्या समजुतीच्या आड दडून बसले आहे.

आधी आपल्या उसापासूनच सुरुवात करू. उसाला तुरा केव्हा येतो? पावसाळ्याच्या शेवटी दिवस लहान होऊ लागतो, उजेडाचे तास साडेबाराच्या आसपास येतात. त्या वेळी पुरेशी कांडी धरलेल्या उसाच्या शेंड्यात, बाहेरून काही न दिसता, तुऱ्याची तयारी सुरू होते. तुरा डोळ्याला दिसतो तो त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. म्हणजे उसाला दिवस-रात्रीचे तास मोजता येतात. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही, तरी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक त्याला कळतो. गंमत अशी की, याच दिवसांत मध्यरात्री थोडा वेळ उसावर दिव्याचा उजेड पाडला तर तुऱ्याची तयारी मोडते, हे संशोधन केंद्रांवर प्रयोग करून पाहिलेले आहे. शेवंतीवाले शेतकरी तर हे दरसाल करतात. फुले पुढे ढकलायची असली की रात्री शेतात दिवे लावतात, आणि झाडाला वाटते अजून दिवस मोठाच आहे.

वनस्पतीच्या अंगात स्वतःचे घड्याळ असते, ही गोष्ट १७२९ साली फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या खगोल अभ्यासकाने प्रथम नोंदवली. त्याने साधन काय घेतले, तर लाजाळूचे झाड. लाजाळूची पाने दिवसा उघडतात, रात्री मिटतात. त्याने ते झाड अंधाऱ्या जागी ठेवले, तरी पाने आपल्या वेळेवर उघडत-मिटत राहिली. सूर्य दिसत नव्हता, पण झाडाला सकाळ कळत होती. पुढे हेच घड्याळ प्राण्यांतही सापडले. पेशीच्या आत ते कसे चालते याचा उलगडा फळमाशीवर काम करून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केळाच्या घडावर घोंघावणाऱ्या बारीक माश्या असतात, त्यांच्यातलीच ही माशी.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असते, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडे वर. तांदळाच्या दाण्याहून लहान असा हा पेशींचा पुंजका. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, अंगाचे तापमान कधी चढावे-उतरावे, रक्तदाब कधी वाढावा, पोटाने कधी काम करावे, या सगळ्यांच्या वेळा तो ठरवतो. पण या घड्याळात एक खोड आहे. ते बरोबर चोवीस तासांचे नाही. सर्वसाधारण माणसात ते २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटे असे चालते, काहींचे त्याहून मागे पडते. भिंतीवरचे घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडत असले तर आपण काय करतो? रोज सकाळी रेडिओ लावून मिळवून घेतो. अंगातले घड्याळ मिळवून घेण्याचे काम सकाळचा उजेड करतो.

आणि तो उजेड अंगावर नव्हे, डोळ्यांत पडावा लागतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांना चित्र दिसत नाही. बाहेर उजेड किती आहे एवढेच त्या मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. आकाशाच्या निळसर उजेडाला त्या जास्त जागतात. या पेशी सापडून फार वर्षे झाली नाहीत, त्यांचे काम स्पष्ट झाले ते २००२ च्या सुमारास. पूर्ण अंध असलेल्या पुष्कळ माणसांची झोपेची वेळ दर दिवशी थोडी थोडी सरकत जाते; काही दिवस रात्री झोप, मग काही दिवस दुपारी. त्याचे कारण हेच, की घड्याळ मिळवून घ्यायला उजेडाची खबर आत पोहोचत नाही. उलट काही अंधांना दिसत काही नाही, पण या पेशी शाबूत असतात. त्यांची झोप तुमच्या-आमच्यासारखी वेळेवर येते.

सकाळी हा उजेड मिळाला की दोन कामे होतात. अंधारात पाझरणारा झोपेचा रस, त्याला मेलॅटोनिन म्हणतात, बंद पडतो आणि माणूस खडखडीत जागा होतो. आणि त्याच क्षणापासून रात्रीच्या झोपेची वेळही बांधली जाते. सहा-साडेसहाला उजेड पाहिलेल्या माणसाला साडेनऊ-दहाला डोळे मिटावेसे वाटतात. संध्याकाळचा आणि रात्रीचा प्रखर उजेड नेमके याच्या उलट करतो, घड्याळ पुढच्या वेळेवर ढकलतो. म्हणून सकाळी नऊपर्यंत खिडक्या लावून झोपणारा आणि रात्री बारापर्यंत मोबाईल डोळ्यांपुढे धरणारा पोरगा "मला झोपच येत नाही" म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या घड्याळाचे काटेच तिकडे सरकलेले असतात. २०१३ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या लोकांनी आठ माणसांना आठवडाभर रॉकी पर्वतात राहुट्यांत ठेवले. विजेचा दिवा नाही, बॅटरी नाही, मोबाईल नाही. उजेड सूर्याचा आणि रात्री शेकोटीचा. आठवड्याच्या शेवटी त्यांची अंगातली घड्याळे सुमारे दोन तास अलीकडे आलेली होती. आपल्या वस्तीवरचे जुने लोक कोंबड्याबरोबर उठत आणि दिवेलागणीनंतर दोन तासांत झोपत, त्यामागचे कारण एवढेच. त्यात त्यांची काही वेगळी तपश्चर्या नव्हती.

आता कोणी म्हणेल, उजेड तर घरातही असतो, ट्यूबलाईट आहे. इथे आकडे पाहावे लागतील. उजेड 'लक्स' या मापात मोजतात. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढा उजेड पाडते तो साधारण एक लक्स. ट्यूबलाईट लावलेल्या घरात हा आकडा शंभर ते तीनशेच्या दरम्यान असतो. सूर्य उगवून अर्धा तास झाला की मोकळ्या रानात तो काही हजारांवर जातो. भर दुपारी उन्हात लाखाच्या घरात. आषाढात आभाळ काळेकुट्ट भरले तरी सकाळी आठ-नऊला अंगणातला उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट असतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, कारण बुबुळ लहान-मोठे होऊन तो सावरून घेते. त्या मोजणाऱ्या पेशींना मात्र बरोबर कळतो. त्यामुळे खिडकीजवळ चहा घेणे बरे, ओसरीवर घेणे त्याहून बरे, आणि अंगणात उतरून घेणे सगळ्यांत चांगले. ऊन अंगावर पडलेच पाहिजे असे नाही, झाडाच्या सावलीतही चालते. उगवल्यापासून तासा-दीड तासाच्या आत वीस-तीस मिनिटे पुरतात. आभाळ असेल तर थोडे जास्त.

सूर्याकडे टक लावून मात्र कोणी पाहू नये. कोवळा आहे म्हणून सोसेल अशा समजुतीने काही जण पाहत बसतात. डोळ्याचा पडदा भाजला तर दुखत नाही आणि पुन्हा जागेवरही येत नाही. पूर्वेकडे तोंड करून आपले काम करीत राहावे, आकाशाचा उजेड पुरेसा आहे.

मनाच्या तब्येतीचाही यात भाग आहे. इटलीत मिलान शहरातल्या एका रुग्णालयात मानसिक आजाराच्या वॉर्डातल्या काही खोल्या पूर्वेकडे तोंड करून होत्या, काही पश्चिमेकडे. तिथल्या डॉक्टरांनी जुनी दप्तरे काढून पाहिले. उदासी आणि उन्माद असे आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचे जे रुग्ण उदासीत असताना पूर्वेकडच्या खोलीत राहिले, ते पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून अधिक लवकर घरी गेले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. औषधे बंद करून उन्हात बसा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. औषधाला जोड म्हणून ऊन. घरात कोणी सारखे गप्प बसत असेल, जेवणावरून-कामावरून मन उडाले असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे आणि रोज सकाळी हाताला धरून बांधावरून एक चक्कर मारून आणावी.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ, ड जीवनसत्त्वाच्या. ऊन आणि हाडे यांचा संबंध पक्का आहे, त्यात वाद नाही. १८२२ साली पोलंडमध्ये श्नियादेत्स्की या डॉक्टरने पाहिले की वॉर्सा शहराच्या अरुंद गल्ल्यांतल्या मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. बाहेरच्या खेड्यांतल्या मुलांना तो क्वचितच होतो. त्याने शहरातल्या मुलांना उन्हात न्यायला सांगितले. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरे केले. कातडीवर हे किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्याशिवाय खाल्लेल्या अन्नातला चुना अंगी लागत नाही.

पण अडचण इथेच आहे. ज्या अतिनील किरणांनी हे काम होते, ते सूर्य खाली असताना जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. सूर्य तिरपा असला की किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि वाटेतच ते शोषले जातात. म्हणून सात वाजताच्या कोवळ्या उन्हात तासभर बसले तरी ड जीवनसत्त्व नावालाच तयार होते. मग कोणते ऊन घ्यायचे? यासाठी यंत्र नको, आपली सावली पुरे. सपाट जमिनीवर उभे राहून पाहावे. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ते ऊन घड्याळाच्या कामाचे, हाडांच्या कामाचे फारसे नाही. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की हाडांचे ऊन सुरू झाले. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मार्च आणि सप्टेंबरात हे साडेनऊ-दहाच्या सुमारास होते, मे महिन्यात सव्वानऊ-साडेनऊला. डिसेंबरात मात्र सव्वाअकराला होते आणि पावणेदोनपर्यंतच टिकते. पूर्वी वाड्याच्या चौकातली सावली पाहून गडी-माणसं जेवणाची सुट्टी करीत, त्याच पद्धतीचा हा हिशेब आहे.

रानात राबणाऱ्याने याची फार काळजी करण्याचे कारण नाही. त्याला हे ऊन कामाच्या ओघात मिळते. प्रश्न आहे तो त्याच्याच घरातल्या इतरांचा. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळांच्यात आढळते, हे ठिकठिकाणच्या तपासण्यांतून पुढे आले आहे. माजघरातल्या खाटेवर दिवस काढणारी आजी, दाराला पडदा लावून ठेवलेली बाळंतीण, सकाळी एसटीत बसून कॉलेजला जाणारी आणि अंधार पडता परत येणारी पोर, दुकानात गल्ल्यावर बसणारा धाकटा भाऊ. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, मांड्या-कंबर सतत ठणकणे या तक्रारी वयाच्या खात्यावर टाकल्या जातात. त्या नेहमी वयाच्याच असतात असे नाही. अशा माणसांना सकाळच्या उजेडाखेरीज, सावली आखूड झाल्यावर आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास तरी, हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसू द्यावे. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. काचेतून आलेले ऊन या कामाला चालत नाही, काच ते किरण अडवते. उन्हाळ्यात भर बाराला म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवू नये, साडेनऊ-दहाचा मुहूर्त गाठावा. आणि घरचे सगळे दूध डेअरीला घालून आजीला काळा चहा देऊन चालणार नाही. उन्हाने चुना अंगी लागतो हे खरे, पण तो आधी पोटात जायला हवा.

एक इशारा इथेच देतो. गुडघे दुखतात म्हणून सहा लाख युनिटचे ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन महिन्या-महिन्याला टोचून घेणारे आम्हाला भेटले आहेत. एकाला गुण आला म्हणून दुसऱ्याने घेतले, असा प्रकार. हे जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत साठते. जास्त झाले तर रक्तात चुना वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. युरियाची गोणी दिसली म्हणून ओतली, असे आपण उसाला करीत नाही. माती परीक्षण करतो. तसेच रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे.

तान्ह्या बाळाचे थोडे वेगळे आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चांगल्या हवेच्या दिवशी बाहेर उन्हात नेत असत. पिवळ्या पडलेल्या एका बाळाची उन्हात उघडी राहिलेली कातडी निवळलेली आणि दुपट्याखाली झाकलेली पिवळीच, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच पुढे नवजात काविळीवर निळ्या दिव्याचा उपचार निघाला, आज सगळीकडे तो वापरतात. पण घरच्या घरी ऊन दाखवून बाळाची कावीळ उतरवू नये. किती पिवळे म्हणजे धोक्याचे हे डोळ्यांनी ठरत नाही, आणि ती मेंदूपर्यंत गेली तर जन्माचे नुकसान होते. बाळ पिवळे दिसले की आधी दवाखाना. शाळकरी मुलांबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चीनमध्ये ग्वांगझौ शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांत त्या मुलांत चष्मा लागण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के राहिले, बाकीच्या शाळांत ते ३९ च्या वर गेले. सकाळच्या शिकवणीला मुलाला दाराशी गाडीवरून सोडण्याऐवजी चालत पाठवले तर बरे.

सडा-रांगोळी, तुळशीला पाणी, रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालणे, या आपल्या चालीरीतींत माणूस सकाळी दाराबाहेर येतो. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यात व्यायामाबरोबर ही वेळही आपोआप साधली जाते. नवी स्लॅबची घरे बांधताना अंगण गेले, चौक गेला. घराचे नकाशे काढणाऱ्यांना आमची विनंती आहे की पूर्वेला निदान एक बसायचा कट्टा ठेवा. मोटारसायकल कुठेही उभी राहते.

आता जे आम्हाला मुख्यतः सांगायचे आहे ते रात्रीच्या पाणीपाळीचे. आपल्या भागात जिथे अजून शेतीची वीज आठवडा दिवसा, आठवडा रात्री अशी येते, तिथे एक आठवडा माणूस रात्रभर पाण्याची दारे मोडतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवसावर येतो. अंगातले घड्याळ दिवसाला तासाभरापेक्षा फारसे सरकत नाही. रात्रीवर यायला त्याला आठ-दहा दिवस लागतात, तोवर आठवडा संपून पाळी पालटते. म्हणजे घड्याळ कुठेच धड बसत नाही. मध्यरात्री अंग झोपेच्या तयारीत असताना जेवण पडते, ते पोटात धड पचत नाही. सकाळी आठ वाजता घरी येऊन आडवे व्हावे तर अंग म्हणते, उठायची वेळ झाली. वर्षानुवर्षे असे चालले तर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचे विकार यांचे प्रमाण वाढते, हे रात्रपाळीच्या कामगारांत दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचा संभव असलेल्या गोष्टींच्या यादीत घातले. घाबरून जाण्यासाठी हे सांगत नाही. पाणी तर द्यावेच लागते. पण ते कसे द्यावे याला मार्ग आहेत.

पहिली गोष्ट, त्या आठवड्यात घड्याळ रात्रीवर न्यायचा प्रयत्न करू नये. ते दिवसावरच राहू द्यावे. संध्याकाळी लवकर जेवून, मोटर सुरू व्हायच्या आधी दोन-तीन तास झोप काढावी. बारानंतर भरपेट जेवू नये, भूक लागली तर भाकरी-दूध, मूठभर शेंगदाणे एवढ्यावर भागवावे. चहा दोनच्या आत, त्यानंतर नाही. चहाचा अंमल पाच-सहा तासांनी निम्माच उतरतो, आणि तो घेऊन माणूस सकाळी खाटेवर कूस बदलत राहतो. सकाळी घरी येताना टोपी किंवा टॉवेल कपाळावर खाली ओढावा, म्हणजे उगवतीचा उजेड डोळ्यांत कमी जाईल. एरवी ज्या उजेडाची एवढी थोरवी सांगितली, तो या एका वेळी झोपेचा वैरी होतो. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपून बारा-एकला उठावे, संध्याकाळपर्यंत ताणू नये. दुपारचा उजेड घ्यावा. घरच्या मंडळींनी या माणसाला सकाळी दहाला "अहो, दूधवाला आलाय, पैसे कुठं ठेवलेत?" म्हणून उठवू नये. रात्रपाळीवाल्याची झोप ही घरातल्या सगळ्यांनी राखायची गोष्ट आहे.

रात्री रानात बॅटरी मात्र मंद ठेवू नये. प्रखर उजेडाने घड्याळ बिघडते हे खरे, पण सरीत घोणस पडलेली असेल तर घड्याळाचा विचार करायला माणूस उरला पाहिजे. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, आणि एकट्याने जाणे टाळावे. दोघा शेजाऱ्यांनी पैरा करून रात्री वाटून घेतल्या तर प्रत्येकाला सलग सहा-सात रात्री जागण्याऐवजी तीन-चारच जागाव्या लागतात.

पाळी पालटून दिवसावर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे. रात्रीचा शीण आहे म्हणून नऊ-दहापर्यंत झोपू नये. सातच्या आत उठून अर्धा तास मोकळ्यावर काढावा आणि दुपारी डुलकी अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये. घड्याळ पुन्हा जागेवर येते.

हंगामातल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही हे लागू आहे, आणि तिथे प्रश्न तब्येतीपुरता राहत नाही. पहाटे तीन ते पाच ही अंगाचे तापमान सगळ्यांत खाली जाण्याची वेळ. त्या वेळी कितीही सराईत माणूस असला तरी डोळा लागतो, आणि लागला हे त्याला कळतही नाही. मागे दोन ट्रॉल्या भरून असतात. रात्रभर नंबरला थांबून, खाली करून, लगेच पहाटे परतीला निघण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे वाहनतळावर पाय पसरावेत आणि फटफटल्यावर निघावे. ज्या सभासदांची स्वतःची वाहने आहेत त्यांनी ड्रायव्हरला "एक खेप जास्त मार" म्हणण्यापूर्वी तो कालपासून किती तास झोपला हे विचारावे.

रात्रीच्या पाळीवरचा खरा तोडगा दिवसाची वीज हाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ साली आला. शेतीच्या फीडरला सौर प्रकल्पाची वीज जोडून दिवसा पुरवठा करायचा, असा तिचा हेतू आहे. ज्यांच्या फीडरवर दिवसाचा पुरवठा सुरू झाला, त्यांच्यापैकी काही जण अजूनही जुन्या सवयीने सगळे क्षेत्र एका पाळीत भिजवायला धडपडतात आणि पाणी अंधारापर्यंत चालवतात. तसे करण्याची गरज नाही. क्षेत्राचे भाग पाडून, पाटपाण्याने असेल तर रोज मोजक्याच सऱ्या, ठिबक असेल तर व्हॉल्व्हच्या पाळ्या ठरवून, दिवसाच्या तासांत काम बसते. ठिबक असल्यावर तर दारे मोडायला कोणी उभे राहावेच लागत नाही. असे वेळापत्रक बसवून हवे असेल त्यांनी गट ऑफिसला यावे. येताना मोटर किती अश्वशक्तीची, व्हॉल्व्ह किती, प्रत्येक व्हॉल्व्हखाली क्षेत्र किती, लागण कोणत्या तारखेची आणि वीज किती वाजता येते-जाते, एवढे कागदावर लिहून आणावे.